पट्ट्यावरचा हात

“आधी तो मिक्सर बंद कर, मग काय सांगायचं ते सांग,” मी शालनला म्हणालो.

तिनं मिक्सर बंद केला. “कानातलं मशीन घालून जावा, म्हणत हुते. आज फायनल हाय.”

“पंचाच्या कानात मशीन? लोकांनी बघितलं तर गळ्यातली शिट्टी काढून घेतील.”

“आणि चुकीची शिट्टी मारली तर?”

माझी बायको बोलते कमी, पण बोलते ते नेमकं दुखऱ्या जागेवर. आरशासमोर उभा राहून पांढऱ्या पँटवर पट्टा आवळला, शिट्टी गळ्यात अडकवली आणि मशीनची डबी कपाटात लुगड्यांच्या मागं सरकवून ठेवली. ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी पंचेचाळीसचा होतो, आणि हुपरीच्या आसपासच्या चाळीस गावांत हिंदुराव चव्हाण म्हणजे कबड्डीचा कडक पंच, असं नाव होतं.

कानांचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी बहिरा नव्हतो. घरात शांत असलं की शेजारच्या खोलीतलं कुजबुजलेलंसुद्धा ऐकू यायचं. पण चारचौघं एकदम बोलायला लागली, पंखा घरघरला, रस्त्यावर ट्रॅक्टर थांबला, की संपलं. आवाज सगळे यायचे, त्यातून बोलणं काही निघायचं नाही. ज्वारीत गहू मिसळले तर निवडता येतात, पण ज्वारीच्या पिठात गव्हाचं पीठ मिसळलं तर काय निवडणार? तसं. डॉक्टरनं तपासलं ते काचेच्या बंद खोलीत. तिथं मी दहातली आठ उत्तरं बरोबर दिली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “इथं ठीक आहे हो, गर्दीत त्रास होणार. आतल्या बारीक नसा गेल्यात, त्या परत येत नाहीत.” मशीन घातलं तर गर्दी दुप्पट मोठी व्हायची, एवढाच फरक. आठवडी बाजारात एकदा घालून गेलो आणि कांद्याच्या ढिगापाशी काढून खिशात टाकलं.

कारण काय, तर चोवीस वर्षं फाउंड्रीत काढली होती. ओतून आलेल्या लोखंडाच्या कडा ग्राइंडरनं घासायच्या. एका शेडमध्ये चौदा ग्राइंडर. कानात कापसाचे बोळे घालायला सांगायचे, पण घामानं ते निसटायचे, आणि खरं सांगायचं तर बोळे घालणाऱ्याला आम्हीच हसायचो. माझ्या शेजारच्या ग्राइंडरवर बाळगोंडा पाटील. आठवडाभर एका शेडमध्ये, आणि रविवारी एका मैदानावर. मी या बाजूचा पंच, तो त्या बाजूचा.

त्या दिवशी तो मला न्यायला मोटरसायकल घेऊन आला. दारातच पाठमोरा उभा राहून चाकातली हवा बघत होता. शालन आतून म्हणाली, “भावजी, चहा टाकू काय?” तो काही बोलला नाही. तिनं परत विचारलं. मग मीच म्हणालो, “नको म्हणतोय. उशीर झालाय.” बाळगोंडाचा स्वभावच तसा, आपल्या तंद्रीत असणारा. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

माझ्या कानांचं गावात तिघांना माहीत होतं. मला, शालनला आणि बाळगोंडाला. पंचानं चढाई करणाऱ्याचा दम ऐकायचा असतो. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत जायचं, आणि तो आवाज मधे तुटला की चढाई करणारा बाद. त्या फायनलच्या सहा वर्षं आधी मला तो दम ऐकू येईनासा झाला तेव्हा मी शिट्टी खाली ठेवायची म्हणत होतो. फाउंड्रीच्या नळावर हात धुताना बाळगोंडाला सांगितलं. तो म्हणाला, “ठेवतोस कशाला? तुझं डोळं घारीवाणी हाईत. माझं डोळं अधू, पण कान हाईत. तू बघत जा, मी ऐकत जातो. दम तुटला की मी डावा हात पट्ट्यावर ठेवीन. तू माझ्याकडं बघायचं आणि शिट्टी मारायची.”

आणि कोणाचा हात कोणाला लागला, कोणाचा पाय रेषेवर पडला, हे मी त्याला बोटानं सांगायचं. असा करार. सहा वर्षं तो चालला. एकदाही तक्रार नाही. दोघं मिळून एक धड पंच होत होता, त्यात लोकांचं काय वाईट, असं मी मनाला समजावत आलो होतो.

फायनल मुलींची होती. आमच्या गावचा संघ आणि मिरजेकडचा एक संघ. आमच्या संघात सारिका मगदूम. आण्णाप्पा मगदूमची थोरली. आण्णाप्पा चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडायचं काम करायचा. पोरगी दहा वर्षांची असल्यापासून मी तिला मैदानावर बघत होतो. चुन्याच्या फक्कीची रेषा कशी ओलांडायची हे मी तिला हात धरून शिकवलेलं. दिसायला काडी, पण कोपऱ्यातल्या भरभक्कम पोरीला शिवून ती अशी परत यायची की बघणाऱ्याला वाटावं, गेलीच नव्हती.

त्या फायनलला एका सरकारी खात्याच्या संघाचे निवडकर्ते आले होते. दोन मुली घेणार, संघात आणि नोकरीतही. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि आण्णाप्पानं पोरीला काय सांगितलंय हेही सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यानं ते माझ्याच घरात बसून सांगितलेलं. “निवड झाली तर मी आडवा येणार न्हाई. न्हाई झाली तर निपाणीचं स्थळ हाय, चैतात उरकून टाकायचं. मला अजून दोन पोरी हाईत.”

सारिका तेव्हा म्हणाली होती, “चालंल. पर निकाल काकांच्या शिट्टीचा. दुसऱ्या कुणाचा मी मानणार न्हाई.”

मला तेव्हा छाती फुगल्यासारखं वाटलं. आता आठवलं की जेवण जात नाही.

सामना दुपारी चारला सुरू झाला. मैदानाच्या दोन्ही टोकांना कर्ण्यांच्या भिंती, एका बाजूला हलगीवाले, शाळेच्या गच्चीवर पोरं पत्रे बडवत होती, आणि माइकवर समालोचन करणारा मास्तर प्रत्येक चढाईला घसा फाडत होता. मला ते सगळं मिळून फाउंड्रीच्या शेडसारखं लागत होतं. मी कानांचा नादच सोडला. डोळे मैदानावर आणि मधेमधे समोर, बाळगोंडाच्या हाताकडं.

शेवटची चढाई उरली तेव्हा आमचा संघ एका गुणानं मागं होता. सारिका गेली. एका गुणानं बरोबरी, दोघींना शिवली तर जिंकलो.

सारिकाचा दम खालच्या पट्टीतला. ओठ जेमतेम हलायचे. पुष्कळ पोरी जबडा उघडून ‘कबड्डी’ म्हणतात, त्यांचं मला ओठांवरूनही समजायचं. हिचं समजायचं नाही. ती माझ्या बाजूच्या कोपऱ्याकडं आली, दोन हातांवर. कोपऱ्यातलीच्या खांद्याला तिची बोटं लागली, मी बघितलं. वळताना शेजारचीच्या गुडघ्याला पाय लागला, तेही बघितलं. दोन गुण. मध्यरेषा चार पावलांवर.

त्या चार पावलांत तिचे ओठ मिटल्यासारखे दिसले. दिसले, एवढंच. संशय आला म्हणजे मी नेहमी शिट्टी ओठांपाशी नेऊन ठेवायचो, तयारी म्हणून. तशी नेली आणि समोर बघितलं.

बाळगोंडाचा डावा हात पट्ट्यावर होता.

मी शिट्टी मारली. सारिका बाद.

आधी हलगी थांबली, मग पत्रे. माइकवाला मास्तर मधेच गप्प झाला. सारिका मध्यरेषेच्या पलीकडं जाऊन उभी होती, हात वर केलेले. ते तिनं सावकाश खाली घेतले. माझ्याजवळ आली. आता शांत होतं, म्हणून मला नीट ऐकू आलं.

“काका, मी म्हणत हुते की.”

मुख्य पंचानं आम्हा दोघांना बोलावलं. “दम तुटला?”

मी म्हणालो, “तुटला.”

बाळगोंडा म्हणाला, “तुटला.”

दोन्ही पंच एका मताचे म्हटल्यावर तक्रारीला जागाच नव्हती. चव्हाण आणि पाटील म्हणताहेत, मग तुटलाच. आमचं गाव हरलं तरी कुणी दगड उचलला नाही, यावरून काय ते समजा. बक्षीस समारंभात कर्णे बंद होते, म्हणून निवडकर्त्यांच्या खुर्च्यांमागून जाताना त्यांतला एकजण दुसऱ्याला म्हणाला ते मला ऐकू आलं. “पोरगी चपळ आहे, पण ऐन वेळी दम सोडते. असली नको.” त्यांनी मिरजेकडच्या दोघी घेतल्या.

सहाच्या सुमाराला मैदान रिकामं झालं. शाळेमागच्या नळावर मी आणि बाळगोंडा पाय धूत होतो. माझं मन काही स्वस्थ बसेना.

“कुठं तुटला रं नेमका?” मी विचारलं. “वळताना का पुढं?”

तो पाय घासत राहिला. मी त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्यानं वर बघितलं.

“काय म्हणलास?”

“सारिकाचा दम. कुठं तुटला?”

तो माझ्या तोंडाकडं बघत होता. डोळ्यांकडं नव्हे, तोंडाकडं. अशा नजरेनं मी स्वतः कितीतरी माणसांकडं बघितलंय.

“तू शिट्टी तोंडाला लावलीस,” तो म्हणाला. “ती तुझ्यापास्नं दोन हातांवर हुती. म्हणलं, एवढ्या जवळनं तुला ऐकू आलंच असणार. म्हणून हात ठेवला.”

“मी शिट्टी तयारीला धरतो. ऐकायचं तुझ्याकडं हुतं.”

“व्हय.”

“मग?”

बाळगोंडानं नळ बंद केला. “हिंदुराव, मला तीन वर्षं झाली, गर्दीतलं काय समजत न्हाई. तुझंच जे झालं त्येच माझं. तुला सांगणार हुतो. पर मीच म्हणलेलो, मी ऐकतो म्हणून. कुठल्या तोंडानं सांगू? आणि तुझं तोंड बघून निभत हुतं की. तू शिट्टी उचललीस की मी हात ठेवायचो.”

मी तिथंच ओल्या फरशीवर बसलो. तीन वर्षं. मी त्याच्या हाताकडं बघायचो आणि तो माझ्या शिट्टीकडं. तीन वर्षांत किती पोरांना बाद केलं असेल, याचा हिशेब मला तेव्हाही लागला नाही आणि आजही लागत नाही.

“आत्ता जाऊन सांगूया,” मी म्हणालो. “निवडकर्ते गावाबाहेर गेले नसतील.”

“काय सांगणार? दोन बहिऱ्यांनी तीन वर्षं पंचगिरी केली? पोरं हाडं मोडतील. ते परवडलं. फाउंड्रीत कळलं तर मशीनवरनं काढतील. माझ्या पोराची अजून दोन वर्षं शाळा हाय. तुझी पोरगी बाळंतपणाला आलीय.” मग थांबून म्हणाला, “आणि तिचा दम तुटला न्हवता, हे तरी तुला कुठं ठावं हाय?”

हे खरं होतं. तुटला असेल किंवा नसेल. बघणाऱ्या दोन हजार माणसांत तो ऐकायला ठेवलेले आम्ही दोघं, आणि आम्हा दोघांनाच ठाऊक नव्हतं. मी उठलो नाही. निवडकर्त्यांची जीप हायवेला लागेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो आणि मनाला सांगत राहिलो की पायात गोळा आलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सारिका घरी आली. शालन पाण्याला गेली होती. बाळगोंडा माझ्यासमोर चटईवर बसला होता. रात्रभर झोपला नसावा. घरात चूळ भरल्याचासुद्धा आवाज नव्हता.

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. “काका, मी भांडायला आले न्हाई. एवढंच इचारायला आले. खरंच तुटला हुता?”

एक एक अक्षर ऐकू आलं. तिनं मधे गिळलेला आवंढासुद्धा.

मी बाळगोंडाकडं बघितलं. सहा वर्षांची सवय. तो जमिनीकडं बघत होता.

“तुटला हुता, पोरी,” मी म्हणालो.

“मला वाटलं, मी म्हणत हुते. पर दमात असल्यावर आपलं आपल्याला कळत न्हाई म्हणा. तुमी म्हणताय तर तुटलाच असंल.” मग ती वाकून आम्हा दोघांच्या पाया पडली. “बाबांना सांगते, निपाणीला कळवा म्हणून.”

ती गेली. बाळगोंडा रडायला लागला. मला रडू आलं नाही. पुढच्या रविवारी मी शिट्टी नेऊन मंडळात जमा केली. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. मंडळानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, निःस्पृह पंच म्हणून. त्या शालीची घडी शालननं अजून मोडलेली नाही.

चैत्रात सारिकाचं लग्न झालं. मी आजारी पडलो आणि गेलो नाही. निपाणीला तिचा नवरा तंबाखूच्या वखारीत होता, पुढं बळ्ळारीकडं गेला. मधल्या काळात मी पाच-सहा पत्रं लिहिली आणि चुलीत घातली. फोन लावायचाही विचार केला, पण फोनवर समोरचं तोंड दिसत नाही. बाळगोंडा गेल्या वर्षी वारला. शेवटी शेवटी शांत खोलीतही त्याला ऐकू येत नव्हतं. आम्ही दोघं समोरासमोर बसायचो आणि त्या विषयावर बोलायचो नाही.

परवाच्या वैशाखात त्याच्या मुलाचं लग्न झालं. हायवेवरचं मंगल कार्यालय. अक्षता पडल्या आणि एकाच वेळी बँड, कर्णे, वाढप्यांची हाकाहाक असं सगळं सुरू झालं. मी हात धुवायला म्हणून उठलो, तर समोर सारिका. अंगानं भरलेली, कपाळावर चार केस पांढरे. हाताशी दहा वर्षांची पोरगी, पायात जाड पैंजण. घुंगरू आजोबानंच जोडलेले असणार. त्यांचा आवाज मला आला नाही.

सारिका पोरीला काही म्हणाली. पोरगी माझ्या पाया पडली. हे पंच आजोबा, असंच काही सारिका तिला म्हणाली असेल.

मला वाटलं, हीच वेळ. खरं सांगतो, त्या गोंगाटानंच धीर आला. स्वतःचे शब्द स्वतःला नीट ऐकू येणार नाहीत, म्हणजे बोलायला हलकं जाईल, असा माझा हिशेब. मी तिच्या कानाजवळ वाकलो आणि सगळं सांगून टाकलं. दोघांचे कान, शिट्टी, पट्ट्यावरचा हात, नळावरचं बोलणं. “तुझा दम तुटला का न्हाई, हे आमा दोघांनाबी कधीच ठावं न्हवतं. दुसऱ्या दिवशी मी तुला जाणूनबुजून खोटं बोललो.”

सारिका मागं सरकली. माझ्याकडं बघत राहिली. तिचे कान चांगले होते, तिला सगळं ऐकू गेलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

मग ती बोलायला लागली.

पुष्कळ बोलली. बँडवाल्यांचं अख्खं गाणं संपून दुसरं सुरू झालं तरी बोलत होती. मी तिच्या तोंडाकडं जिवाच्या आकांतानं बघत होतो. ओठ जेमतेम हलत होते, पहिल्यापासूनच तसे. एकदा डोळे भरले. एकदा ती हसलीही, पण ते हसणं कसलं, ते कळायला शब्द लागतात. मशीन कपाटात होतं, आणि असतं तरी काही उपयोग नव्हता. बारा वर्षं ज्या बोलण्याची वाट बघितली, ते हातभर अंतरावर चाललं होतं आणि माझ्यापर्यंत नुसता बँड येत होता.

पुन्हा सांग, असं म्हणायला हवं होतं. बाहेर चल, असं तरी. पण आयुष्यात एकदाच बोलायचं ते माणूस बोलत असताना, पुन्हा सांग, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? मी सगळे बहिरे करतात तेच केलं. मान हलवली.

ती थांबली. भुवया वर करून तिनं काहीतरी विचारलं. प्रश्न होता, एवढं समजलं.

मी पुन्हा मान हलवली. हो म्हणून.

तिनं पोरीचा हात धरला आणि दाराकडं गेली. जाताना मागं वळून बघितलं नाही. बाहेर त्यांची गाडी उभी होती, बळ्ळारीकडची.

मी कशाला हो म्हणालो, मला माहीत नाही.

शालन आणि मी लग्नाहून घरी आलो. तिनं पंखासुद्धा लावला नाही. लुगड्याची घडी घालता घालता तिनं माझ्याकडं न बघता हळूच विचारलं, “सारिका एवढं काय बोलत हुती वो?”

घरात एवढी शांतता होती की तिचा प्रश्न मला अगदी स्पष्ट ऐकू आला.